सायनसची दुर्बीण शस्त्रक्रिया : नाकात दुर्बीण जाण्यापूर्वी

रायपूर शहराच्या पूर्वेकडील तेलीबांधा तलावाजवळून निघालेला ग्रेट ईस्टर्न रोड पश्चिमेस टाटीबंधपर्यंत जातो आणि पुढे दुर्ग, राजनांदगाव ओलांडून भंडारा-नागपूरची वाट धरतो. याच टाटीबंध येथे २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. २०२१ मध्ये कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिस, अर्थात काळी बुरशी, फैलावली, तेव्हा या संस्थेसह नागपूर आणि महाराष्ट्रातील अनेक रुग्णालयांत सायनसमधील मृत भाग दुर्बिणीच्या साहाय्याने काढण्याच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. केंद्र सरकारने त्या वर्षीच्या मे महिन्यात या आजाराची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली होती. एरवी ही शस्त्रक्रिया जुनाट सायनसदाह किंवा नाकातील पॉलिप यांसाठी केली जाते.

शस्त्रक्रियेचे क्षेत्र अत्यंत चिंचोळे असते. सायनसच्या एका बाजूस डोळा, तर वरच्या बाजूस मेंदू असतो. डोळा आणि सायनस यांमधील हाडाचा पडदा कागदासारखा पातळ असल्याने शरीररचनाशास्त्रात त्याचे नावही ‘कागदी पत्रा’ याच अर्थाचे आहे. त्यामुळे शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच महत्त्व परिचारिकेने मांडलेल्या टेबलाला असते. रुग्णांना मात्र याची क्वचितच कल्पना असते.

तयारीचा आरंभ धुण्यापासून होतो. चिमट्यांच्या सांध्यांत आणि शोषनळीच्या पोकळीत रक्त सुकून राहिल्यास ऑटोक्लेव्हमधील वाफ तेथवर पोहोचत नाही. म्हणून उपकरणे आधी उघडून, बारीक ब्रशने घासून स्वच्छ करतात व त्यानंतरच वाफेखाली ठेवतात. गाठोड्यावरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे ते यंत्रातून निघाले, एवढेच सिद्ध होते. वाफ आतपर्यंत शिरली की नाही, हे आत ठेवलेल्या दर्शकपट्टीवरून पाहावे लागते.

चार मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीतील काचकांड्या नाजूक असतात. जी दुर्बीण वाफ सोसू शकत नाही, ती ग्लुटारल्डिहाइडच्या दोन टक्के द्रावणात बुडवतात. वीस मिनिटांत उच्च दर्जाचे निर्जंतुकीकरण साधते, परंतु जंतूंची चिवट बीजाणूरूपेही नष्ट व्हावीत यासाठी सुमारे दहा तास लागतात. एकामागून एक रुग्ण असताना हा फरक विसरला जाण्याचा मोह मोठा असतो. द्रावणातून काढलेली दुर्बीण निर्जंतुक पाण्याने धुतल्याशिवाय वापरता येत नाही, कारण उरलेले रसायन नाकाच्या अस्तराचा दाह करते.

टेबलावर शून्य, तीस आणि सत्तर अंशांच्या दुर्बिणी, सरळ व वर वळलेले चिमटे, उलट दिशेने कापणारा चिमटा, टोकाशी गोळी असलेली शोधसळई आणि वेगवेगळ्या वळणांच्या शोषनळ्या वापराच्या क्रमाने मांडतात. शल्यचिकित्सकाची नजर पडद्यावर खिळलेली असते. हात पुढे आला की योग्य उपकरण योग्य दिशेने त्यात पडले पाहिजे. प्रकाशतारेचे टोक फार तापते. दिवा चालू ठेवून ते कापडावर टाकल्यास कापड जळते आणि खालची त्वचाही भाजते.

खरा धोका मात्र दोन वाट्यांमध्ये असतो. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून एक हजारात एक या तीव्रतेच्या अ‍ॅड्रेनालिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या नाकात ठेवतात, तर टोचण्यासाठी बधिर करणाऱ्या औषधात मिसळलेले, साधारणतः दोन लाखांत एक एवढे विरल अ‍ॅड्रेनालिन वापरतात. म्हणजेच तीव्रतेत दोनशे पटींचे अंतर असते. दोन्ही द्रव पाण्यासारखे रंगहीन दिसतात. तीव्र द्रव चुकून सिरिंजमध्ये भरून टोचला गेल्यास रक्तदाब एकदम चढतो, हृदयाचे ठोके बिघडतात आणि रुग्ण दगावू शकतो. असे अपघात वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत. यास्तव प्रत्येक वाटीवर नाव व तीव्रता लिहितात. पट्ट्यांचे औषध सिरिंजमध्ये कधीही भरून ठेवत नाहीत आणि टोचण्याचे काम संपल्यावरच ते वाटीत ओततात. काही ठिकाणी फ्लुरोसिन मिसळून त्यास पिवळा रंग दिला जातो. हा साधा उपाय सर्वत्र रूढ व्हावयास हवा.

रुग्णाचे डोके सुमारे पंधरा अंश उंच ठेवतात, त्याने रक्तस्राव घटतो. डोळे झाकले जात नाहीत. डोळ्यास सूज येते आहे का, बाहुली बदलते आहे का, हे परिचारिकेलाही दिसले पाहिजे. सीटी स्कॅनच्या प्रतिमा समोर लावलेल्या असतात आणि रुग्णाचे नाव व शस्त्रक्रियेची बाजू मोठ्याने वाचून पडताळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशी पडताळणीसूची प्रसृत केली.

काळ्या बुरशीच्या रुग्णासाठी टेबलावर नमुन्यांच्या दोन बाटल्या लागतात. ऊतकपरीक्षेसाठीच्या बाटलीत फॉर्मलिन असते, तर बुरशी वाढवून पाहण्यासाठीचा नमुना सलाइनमध्ये ठेवतात. सगळे तुकडे सवयीने फॉर्मलिनमध्ये गेले, तर बुरशी मरते आणि प्रयोगशाळेत काहीच उगवत नाही. अशा रुग्णावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते, त्यामुळे हीच मांडामांड काही दिवसांनी त्याच्यासाठी नव्याने करावी लागते.

अखेरीस पट्ट्या मोजल्या जातात. रक्त पोटात किंवा श्वासनलिकेत उतरू नये म्हणून घशात गॉजची गुंडाळी बसवली असल्यास तिची नोंद फळ्यावर असते. ती बाहेर काढून फळ्यावरील नोंद पुसल्यानंतरच भूलतज्ज्ञ श्वासनळी काढतो.