जागेपणीची भूल

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याची शुद्ध हरपवण्याला आपल्या भाषेने 'भूल देणे' म्हटले, हे मला नेहमीच मार्मिक वाटत आले आहे. रानात वाट चुकणाऱ्याला भूल पडते, हिशेबातली चूकही भूलच, आणि चांदण्याची भूल पडणारे तर कवीच! ह्या साऱ्यांत न बसणारी एक भूल रसायनशास्त्राने १९६२ साली जन्माला घातली. तिचे नाव केटामिन.

पार्क-डेव्हिस ह्या अमेरिकन कंपनीसाठी कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ती बनवली. १९६४ मध्ये डोमिनो आणि कॉर्सन ह्या डॉक्टरांनी ती माणसांवर प्रथम वापरली. ती माणसे मिशिगनच्या तुरुंगातले कैदी होती, हेही विसरू नये. रोग्याचे डोळे उघडे, श्वास चालू, पण देहाशी मनाचा धागा मात्र सुटलेला! रक्तदाब घसरत नाही, मोठी यंत्रसामग्री लागत नाही. म्हणून रणांगणावर आणि लहानसहान रुग्णालयांत ही भूल फार उपयोगी ठरली.

पुढे २००० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती अगदी अल्प प्रमाणात खिन्नतेच्या मोजक्या रोग्यांना दिली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १८ रोग्यांवर प्रयोग झाला. वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत, शिरेतून. दुसऱ्या औषधांनी न हटलेल्या ह्या रोग्यांपैकी ७१ टक्क्यांना एका दिवसात आराम वाटला. आठवडाभर तो टिकला मात्र ३५ टक्क्यांनाच.

एक दिवस! नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हा फरक काय आहे, ते वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत आमचा वर्धाही होता. आमच्या गावांत कपाशीवर फवारायच्या विषाला 'औषध' म्हणतात. 'त्यानं औषध घेतलं' एवढे कानी पडले की बायाबापड्या रडू लागतात. शब्दाची एवढी क्रूर थट्टा मी कोणत्याही कोशात पाहिलेली नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने गेल्या साली वर्गाबाहेर गाठून विचारले, "सर, बाबांच्या गोळ्या सुरू होऊन नऊ दिवस झाले, काहीच फरक नाही. ते एका दिवसात गुण देणारं इंजेक्शन का नाही देत?" प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला विचारण्याजोगा नव्हता, पण मुलाचा चेहरा पाहून मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, केटामिन हा पहिला उपाय नव्हे. दोन औषधे पुरेसे दिवस देऊनही गुण आला नाही, तर त्याचा विचार. रक्तदाब वाढतो, काही वेळ भ्रम होतो, म्हणून ते रुग्णालयात, देखरेखीखालीच द्यायचे. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांचे मूत्राशय निकामी होते. २०२३ साली मॅथ्यू पेरी ह्या अमेरिकन नटाचा मृत्यू ह्याच औषधाने ओढवला. आपल्याकडेही २०१३ च्या डिसेंबरात ते कडक निर्बंधांच्या 'एक्स' अनुसूचीत गेले. दुकानदाराला ते कुलपात ठेवावे लागते आणि चिठ्ठीची प्रत जपावी लागते. आणि मुख्य म्हणजे, ओसरल्यावर पुढे काय? सावकार तर शिरेतल्या औषधाने विरघळत नाही. (हे वाक्य माझे, डॉक्टर इतके कडू बोलले नाहीत.)

मग त्यांनी मुलाला उलट विचारले, "फवारणीचं औषध घरी कुठं ठेवता?"

"बाजेखाली."

"ते आजच्या आज घराबाहेर काढा. आणि बाबांना एकटं ठेवू नका."

विषाचे कुलूप कोणत्या अनुसूचीत आहे, असे माझ्या ओठांवर आले होते. त्या संध्याकाळी डबा शेजारच्या गावी काकाकडे गेला. आई रात्री उशाशी बसू लागली. गोळ्या तशाच चालू राहिल्या. पाचव्या आठवड्यात बाबा आपण होऊन वावरात गेले आणि बोंडे किती धरली ते पाहून आले, असे मुलाने मला सांगितले.