कुंकू फिकं दिसतं तेव्हा

तुळजापुरात मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंकवाच्या राशी मांडलेल्या असतात. एक डोळा झाकला तर रास लालभडक, दुसरा झाकला तर विटलेली, आणि डोळा फिरवताना दुखतं, असं शाळकरी मूल सांगत असेल, तर चष्म्याच्या दुकानात न जाता डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत. दृष्टीच्या मज्जातंतूला सूज आली की लाल रंग आधी उडतो. मुलांमधला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, बरेचदा असाच सुरू होतो. कधी पायाला मुंग्या येतात, कधी तोल जातो.

यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. एकूण रुग्णांपैकी साधारण 3 ते 5 टक्क्यांनाच तो अठराच्या आत गाठतो. पण फसवतो भलताच, कारण पहिला अटॅक काही आठवड्यांत आपोआपही ओसरतो. मग श्रेय जातं सलाईनला, नाहीतर आईच्या नवसाला. नवस जरूर फेडावा, देवीची ओटीही भरावी; एमआरआय मात्र टाळू नये. मुलांत हे अटॅक मोठ्यांपेक्षा दोन-तीन पट जास्त वेळा येतात.

एमआरआयसाठी इथल्या माणसाला बहुतेकदा सोलापूर गाठावं लागतं. तिथेही लगेच शिक्का मारत नाहीत, आणि ते बरंच. बी-12 ची कमतरता, क्षयरोग, मॉग अँटिबॉडीचा आजार यांची लक्षणं बरीच मिळतीजुळती असतात.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळंच. अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात. कोजागिरीला सोलापूरहून चालत येणाऱ्या गर्दीत असं मूल असेल तर वाटेत त्याला पुन्हा धूसर दिसू शकतं. सावलीत बसून, गार पाणी पिऊन ते निवळलं तर तो नवा अटॅक नव्हे. चोवीस तासांनंतरही राहिलं तर डॉक्टरांना फोन करायचा.

अटॅक आला की शिरेतून स्टिरॉइड देतात. पुढचे अटॅक रोखणारं फिंगोलिमोड अमेरिकेत 2018 साली दहा वर्षं आणि त्यावरच्या मुलांसाठी मंजूर झालं. त्याआधीच्या चाचणीत इंटरफेरॉनच्या तुलनेत अटॅक 82 टक्क्यांनी कमी झाले होते. पहिल्या गोळीनंतर सहा तास नाडीवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून ती घरी सुरू करत नाहीत.

शाळेत मात्र हा आजार दिसत नाही. गणित येतं, पण पेपर पुरा होत नाही. मास्तर म्हणतात, पोरगं आळशी झालंय. विचारांचा वेग मंदावणं हेही एमएसचंच लक्षण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएस आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढून परीक्षेत वाढीव वेळ मागता येतो. अर्ज दहावीचा फॉर्म भरण्याआधीच मुख्याध्यापकांकडे द्यावा.