डोनटचे भोक आणि सफरचंदाचे पाणी

१८४७ सालची गोष्ट. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मेन राज्यातला हॅन्सन ग्रेगरी नावाचा मुलगा चुन्याची वाहतूक करणाऱ्या एका शिडाच्या जहाजावर कामाला होता. वय वर्षे १६, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा. जहाजावर खलाशांना पिठाचे गोड तुकडे तळून देत. त्यांच्या कडा खरपूस होत, पण मधला भाग हटकून कच्चा राही. तो पोटात गेला की दगडासारखा बसून राही. ग्रेगरीने मिरपुडीच्या पत्र्याच्या डबीचे गोल झाकण घेतले आणि पिठाच्या चकतीचा मधला भाग सरळ कापून काढला. जो भाग शिजतच नाही, तो ठेवायचाच कशाला?

ही हकीकत ग्रेगरीने स्वतःच म्हातारपणी, १९१६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बातमीदाराला सांगितली. पिठाला भोक पाडणारा जगातला पहिला माणूस तोच, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये. आपल्या शेजारच्या दक्षिणेकडील राज्यांत मेदूवड्याला भोक पाडणाऱ्या गृहिणींनी ग्रेगरीचे नावही ऐकले नव्हते. पण त्याने अडचण कोणती ते अगदी अचूक ओळखले होते: बाहेरून करपते आणि आतून कच्चे राहते. असे का होते ते आता पाहू.

त्याआधी डोनटच्या घराण्याविषयी थोडेसे. आज जिथे न्यूयॉर्क आहे तिथे १६६४ पर्यंत डच लोकांची वसाहत होती. डच लोक तेलात तळलेल्या, आंबवलेल्या पिठाच्या गोळ्यांना ‘ऑलीकूक’ म्हणत. ऑलीकूक म्हणजे तेलातला केक. सतराव्या शतकातल्या डच पाककृतीत या पिठात बेदाणे, बदाम आणि सफरचंदाचे तुकडे घालायला सांगितले आहे. आजही हॉलंडमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री असे गोळे आणि त्यांच्या जोडीला पिठात बुडवून तळलेल्या सफरचंदाच्या चकत्या खातात. अमेरिकेत डोनटच्या दुकानात डोनटच्या शेजारीच ‘ॲपल फ्रिटर’ मांडलेला असतो. हा चांगला तळहाताएवढा, ओबडधोबड, साखरेच्या पाकाने चकाकणारा वडा असतो. एक सुबक, दुसरा बेढब. पण दोघे एकाच घरचे.

तळतो कोण, तेल की पाणी?

डोनट तळताना तेलाचे तापमान साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअस ठेवतात. पिठाचा तुकडा त्यात सोडला की चर्र असा आवाज होतो आणि बुडबुड्यांचा फेस उसळतो. बऱ्याच जणांना वाटते, तेल उकळू लागले. तसे मुळीच नाही. तेल आहे तसेच असते. उकळत असते ते पिठातले पाणी. पाणी १०० अंशांना उकळते आणि तेल त्याहून ८० अंशांनी अधिक तापलेले. पिठाच्या पृष्ठभागावरच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते.

एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की १०० अंशांना ती सुमारे १७०० घन सेंटिमीटर जागा व्यापते. अशी वाफ आतून बाहेर जोराने येत असते तोवर तेलाला आत शिरायला वावच मिळत नाही. दुसरे असे की, जोवर एखाद्या ठिकाणी पाणी शिल्लक आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढू शकत नाही. आलेली सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून डोनटचा आतला भाग वाफवलेल्या पदार्थासारखा मऊ आणि पांढरा राहतो. पृष्ठभागावरचे पाणी संपले, की तिथले तापमान वाढू लागते. मग पिठातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात अनेक रासायनिक क्रिया घडून तपकिरी रंग आणि तो खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ साली या क्रियांचे पहिले वर्णन केले, म्हणून त्यांना मायार-क्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, डोनटचे कवच या साऱ्यांची खमंग बाजू मायारचीच.

तेव्हा तळण्याच्या कामात तेल हे केवळ उष्णता आणून देणारे हमाल आहे. आत पदार्थ शिजवते ते गरम झालेले पाणी, आणि बाहेर खमंगपणा येतो तो पाणी निघून गेल्यावर.

आता ग्रेगरीच्या अडचणीकडे येऊ. बाहेरचे कवच तांबूस व्हायला दीड-दोन मिनिटे पुरतात. तेवढ्या वेळात उष्णता मध्यापर्यंत पोहोचली नाही, तर आत कच्चे राहणार. पोहोचेपर्यंत थांबलो, तर बाहेर करपणार. उष्णतावहनाचा नियम असा की, अंतर दुप्पट झाले तर उष्णता पोहोचायला वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करू. ५ सेंटिमीटर व्यासाचा पिठाचा गोळा घ्या. त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर अडीच सेंटिमीटर. तेवढ्याच पिठाची २ सेंटिमीटर जाडीची कडी वळली तर तिचा बाहेरचा व्यास भरतो सुमारे साडेआठ सेंटिमीटर, आणि आता उष्णतेला जायचे असते फक्त १ सेंटिमीटर. अडीचचा वर्ग सव्वासहा. म्हणजे ढोबळ मानाने गोळ्याला कडीच्या सहापट वेळ लागेल. गोळ्याला चहूबाजूंनी उष्णता मिळते, ही त्याची जमेची बाजू लक्षात घेतली तरीही साडेतीनपट वेळ लागतोच. शिवाय गोळ्याचे पृष्ठफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर, तर कडीचे सुमारे १३० चौरस सेंटिमीटर. खरपूस कवच जास्त मिळते, पण तेल चिकटायला जागाही जास्त मिळते. फुकट काही मिळत नाही!

हे एकदा समजले की आपल्या स्वयंपाकघरातली कितीतरी कोडी सुटतात. मेदूवड्याला भोक, कारण उडदाचे पीठ कच्चे असते आणि वडा जाडजूड. बालूशाहीच्या मध्ये अंगठ्याने खळगा पाडतात. ते भोक नसले तरी अर्धे भोकच. साबुदाण्याचा वडा चपटा थापतात, तोही अंतर कमी करण्याचाच उपाय. मग बटाटेवडा चेंडूसारखा गोल असून कसा चालतो? त्याचे सारण आधीच शिजलेले असते! तळायचे असते ते फक्त बाहेरचे डाळीच्या पिठाचे पातळ आवरण. बटाटेवड्याला भोक पाडायची कल्पना अजून कोणाला सुचली नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे.

सफरचंद येते आणि गोंधळ घालते

भोकाने सुटलेला प्रश्न सफरचंदाने पुन्हा उभा राहतो. सफरचंद हाताला टणक लागते, पण त्याच्या १०० ग्रॅम गरात ८५ ग्रॅमच्या आसपास पाणी असते. हे पाणी कढईत काय करते पाहा. समजा, कढईत ९०० ग्रॅम तेल आहे आणि सफरचंदाच्या तुकड्यांतले २० ग्रॅम पाणी वाफ होऊन निघून गेले. ३० अंशांवरच्या एक ग्रॅम पाण्याला १०० अंशांपर्यंत न्यायला ७० कॅलरी लागतात आणि त्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी. या ५४० कॅलरी म्हणजे तुमच्या पुस्तकातली अप्रकट उष्णता. एकूण ६१०, २० ग्रॅमला १२,२०० कॅलरी. तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी धरली, तर ९०० ग्रॅम तेल एका अंशाने थंड होताना ४५० कॅलरी देते. भागाकार केला की २७ येतात. म्हणजे शेगडीने मधल्या काळात उष्णता पुरवली नाही, तर १८० अंशांवरचे तेल १५३ अंशांवर येईल. तेवढ्या तेलात कवच लवकर धरत नाही, पदार्थ जास्त वेळ कढईत राहतो आणि शेवटी तेलकट होतो. म्हणून घाईने कढई गच्च भरू नये, असे घरातली मोठी माणसे सांगतात. त्यांनी कॅलरी मोजलेल्या नसतात, पण उत्तर बरोबर असते.

सफरचंदाची दुसरी खोडी अशी की, चिरून साखर लावली की त्याला रस सुटतो. पेशींच्या बाहेरचा साखरेचा दाट द्राव आतले पाणी ओढून घेतो. हे तर्षण तुम्ही शाळेत बेदाणा किंवा बटाटा घेऊन पाहिलेच असेल. हा रस पिठात उतरला की पीठ चिकट होते आणि प्रत्येक तुकड्याभोवती कच्च्या, गिळगिळीत पिठाचा थर राहतो.

फ्रिटर करणारे बेकरीवाले यावर दोन उपाय करतात. पहिला, सफरचंदाचे बारीक तुकडे साखर आणि दालचिनी घालून आधीच परततात, म्हणजे जास्तीचे पाणी कढईत पडण्यापूर्वीच उडून जाते. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. मळलेल्या पिठावर हे तुकडे पसरून सुरीने सगळे खचाखच चिरतात आणि चिरलेले खांडोळे कसेबसे एकत्र दाबून चपटा वडा करतात. तो वडा सलग नसतो. त्यात फटी, कोपरे, खाचखळगे असतात आणि तेल या फटींतून आतल्या पिठापर्यंत पोहोचते. म्हणजे फ्रिटरला एक मोठे भोक नाही, पण लहान लहान शंभर भोके आहेत. त्याचा बेढबपणा हा हलगर्जीपणा नव्हे, तेच त्याचे शास्त्र! नंतर साखरेचा पाक याच खाचांत साचतो. सफरचंद आंबट जातीचे आणि टणक घेतले तर चव खुलते, कारण त्यातले मॅलिक आम्ल साखरेच्या गोडीला तोल देते.

डच पद्धतीच्या चकतीची गंमत आणखी वेगळी आहे. सफरचंदाचा बियांचा गाभा काढून आडव्या चकत्या केल्या, की प्रत्येक चकती जन्मतःच कडीसारखी असते. इथले भोक मात्र उष्णतेसाठी नव्हे, बिया दाताखाली येऊ नयेत म्हणून.

तेलकटपणा येतो कधी? आपल्याला वाटते, पदार्थ तेलात असताना तेल पितो. वाफ बाहेर येत असताना तेलाला फारसे आत जाता येत नाही, हे आपण पाहिले. खरी गडबड पदार्थ झाऱ्याने वर काढल्यावर होते. कवचाच्या छिद्रांतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, छिद्रांतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून डोनट बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच झाऱ्यावर निथळायला हवा. पाच मिनिटांनी कागदावर ठेवून उपयोग थोडा. तोवर तेल आत शिरलेले असते.

करून पाहा

घरातले मोठे माणूस शेगडीजवळ असेल तरच हा प्रयोग करायचा. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे पातळ तूप एकत्र करा. लागेल तसे दूध घालून पोळीच्या कणकेसारखे मऊ मळा आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवा. ४० ग्रॅमचे दोन तुकडे तोलून घ्या. एकाचा गोळा करा, दुसऱ्याची कडी. दोन्ही एकाच वेळी तेलात सोडा, एकेक बाजू दीड मिनिट तळा, एकदमच काढा आणि आडवे कापून पाहा. किती कच्चे राहिले ते पट्टीने मोजून वहीत लिहा. बुडबुड्यांकडेही लक्ष असू द्या. पाणी कमी होत जाते तसतसे ते विरळ होतात आणि आवाजही उतरतो.

उरलेल्या पिठाचे फ्रिटर करा. निम्म्यांत साखर-दालचिनीवर परतून, गार करून कोरडे केलेले सफरचंद घाला, निम्म्यांत कच्चे. वडे बोटाएवढ्याच जाडीचे ठेवा. फरक जिभेलाच कळेल.

शाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक तेलात चुकूनही बुडवू नका. तो फुटेल आणि आतला द्रव अन्नात जाईल. पिठाची गोळी सोडून पाहणे हीच सोपी परीक्षा: ती तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आली आणि हळूहळू तांबूस झाली, तर तेल तयार आहे. तेलातून धूर येऊ लागला तर ते फार तापले आहे. शेगडी बंद करा.

आणि कढईने पेट घेतलाच, तर पाणी ओतायचे नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, तिथे एका ग्रॅमची क्षणात १७०० घन सेंटिमीटर वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडते. डोनट फुलवणारी वाफ ती हीच. शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवायचे, हवा तुटली की आग विझते; आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलायचे नाही.

ईस्ट घालून फुगवलेला डोनट कधी मिळाला तर त्याच्या कडेला मध्यावर एक फिकट पट्टा दिसतो का पाहा. तो इतका हलका असतो की तेलात निम्मा वरच तरंगतो. उलटला तरी मधली पट्टी तेलात नीट बुडतच नाही, आणि तिच्यातले पाणी तसेच राहते. बेकिंग पावडरीच्या डोनटला हा पट्टा सहसा दिसत नाही. तो आधी बुडतो आणि मग वर येतो. का, ते तुम्हीच शोधा.