आईला सांगायचा शब्द

काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला. म्हणाला, ‘‘सर, माझ्यासारख्या मुलांसाठी मराठीत शिवी नसलेला शब्द आहे का? आईला सांगायचंय.’’ मराठी शिकवणाऱ्या मला पटकन उत्तर देता आले नाही. ‘समलिंगी’ हा शब्द होता; पण तो वर्तमानपत्रातला. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईला तो कसा सांगायचा? तेव्हापासून या मुलांना आधार देणाऱ्या कामाकडे मी भाषेच्या अंगाने पाहू लागलो.

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. एकाच वाटेने चालणारे, असा अर्थ देणारे हे नावच किती सन्मानाचे! खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि ‘इंद्रधनु’ हे माहितीपर पुस्तक मराठीत लिहिले. इंग्रजी न वाचणाऱ्या मुलाला आपण एकटे नाही हे त्यामुळे आपल्याच भाषेत कळू शकले.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर कोणतीही संज्ञा न वापरता आईला सांगितले, ‘‘मला मुलगेच आवडतात.’’ आईने रागावण्याआधी विचारले, ‘‘असं आणखी कुणाच्या घरी असतं का?’’ या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्यापेक्षा दुसरी आईच चांगले देऊ शकते. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेला ‘स्वीकार’ हा पालकांचा गट नेमके हेच करतो. मुलाला आधार द्यायचा, तर आधी त्याच्या आईवडिलांनाही कुणीतरी धीर द्यावा लागतो.

कायद्याची साथ आहेच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. पण निकालानंतरही मुलांना ‘बरे’ करण्यासाठी डॉक्टर आणि बुवांकडे नेणे थांबले नाही. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे घरातून निघून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा विषय समजून घेण्यासाठी ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर बसले. मग ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी असे ‘उपचार’ करण्यास मनाई केली. याच प्रकरणातून पुढे तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये आदराने वापरायच्या तमिळ शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली.

न्यायमूर्तींना जे शिकावेसे वाटले, ते शिकायला आम्हा शिक्षकांना कमीपणा का वाटावा? सन्मानाचे मराठी शब्द शाळा-महाविद्यालयांत रुळले पाहिजेत, ही पुस्तके ग्रंथालयाच्या उघड्या कपाटात दिसली पाहिजेत आणि वर्गात अशा मुलाची नक्कल होते तेव्हा शिक्षकाने हसता कामा नये. एवढे झाले, तरी पुढच्या मुलाला तास संपेपर्यंत थांबावे लागणार नाही.