पेशींचे खोपट

ठाण्यातील खोपट हे नाव एसटीच्या स्थानकामुळे सर्वपरिचित आहे. शब्दाचा अर्थ मात्र गवतपेंढ्याने शाकारलेले लहानसे घर. वनस्पतींच्याच तंतूंचे असे खोपट माणसाच्या शरीरात, त्याच्या पेशींसाठी उभारता येईल काय, याचा शोध जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. कल्पना परदेशी वाटते खरी. पण तिच्या आधीचा एक अध्याय मुंबईत लिहिला गेला, याचे आपल्याला विस्मरण झालेले दिसते.

परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी बांधून पाहिली आणि १९८५ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. सालीखाली जखम कोरडी पडत नाही. ओल टिकली की तगलेल्या पेशी जगतात आणि नवी त्वचा लवकर धरते. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान वापरले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ते सालीइतकेच गुणकारी आणि तिच्याहूनही स्वस्त ठरले. याला आजीबाईचा बटवा म्हणून हसण्याचे कारण नाही. रुग्णांवर रीतसर तुलना करून काढलेले हे निष्कर्ष होते.

तथापि पट्टी झाकते, बांधीत नाही. भाजणे खोल गेले की त्वचेचा खालचा थरच नष्ट होतो. मग दुसरीकडची त्वचा काढून लावावी लागते. अर्धेअधिक अंग भाजलेल्याने ती आणावी कोठून? येथे सांगाड्याचा विचार येतो. कॅनडात ओटावा येथे अँड्र्यू पेलिंग व सहकाऱ्यांनी सफरचंदाचे काप साबणासारख्या द्रावणात धुऊन त्यातील पेशी काढून टाकल्या. मागे उरली ती सेल्युलोजची सच्छिद्र जाळी, आणि तिच्यात सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढल्या, हे त्यांनी २०१४ साली दाखविले. छिद्रे हवीतच, कारण रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दोन दशांशांपलीकडे पेशीला प्राणवायू पुरत नाही. उंदरांच्या त्वचेखाली ठेवलेल्या अशा जाळीत आठ आठवड्यांत रक्तवाहिन्या शिरल्या. समुद्रशैवालातील अल्जिनेटचे पाणी धरून ठेवणारे मऊ जेल, म्हणजे हायड्रोजेल, याच कामी तपासले जात आहे.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. सेल्युलोज विरघळविणारे विकर माणसाच्या शरीरात नाही. घर बांधून झाले तरी परांची तशीच राहते! खोलगट व्रण भरून काढण्यास हा गुण ठरेल. जेथे सारी जागा स्वतःच्या ऊतीने घ्यावयाची, तेथे दोष.

दुसरा प्रश्न पैशाचा. सफरचंद स्वस्त असले, तरी ते धुणे, निर्जंतुक करणे, वर्षानुवर्षे तपासणे स्वस्त नाही. केसवानी आणि गोरे यांनी रुग्णाची ऐपत प्रयोगाच्या आरंभीच हिशेबात धरली होती. आपल्या संशोधनसंस्थांनी ती शेवटच्या पानावर ढकलली, तर सरकारी दवाखान्यातल्या खाटेपर्यंत हे खोपट पोचणार नाही.

तोवर खोल भाजलेल्यांना दुसऱ्याची त्वचाच तात्पुरता आसरा देते. शीवच्या त्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी निघाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठीवरचा केवळ पातळ थर घेतला जातो. त्यासाठी पथक घरी येते, देह हलवावा लागत नाही.