पंप चालत नाही, की ओढता येत नाही?

‘वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, पंपाचा गुण येत नाही. काही नवीन औषध निघालंय का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. त्याआधी माझाच एक प्रश्न: वडील पंप ओढतात कसा?

पंपातला फवारा दाबाने, वेगात सुटतो. म्हणून त्याच्यासोबत श्वास संथ आणि खोल घ्यायचा. जोरात ओढला तर औषध घशातच आदळून संपतं. रोटाहेलरचं नेमकं उलट. त्यात वायूचा दाब नाही, पूड उडते ती रुग्णाच्याच दमावर. तिथे बशीतल्या चहाचा भुरका मारावा तसा जोर हवा. (भुरक्याला नाकं मुरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) दोन्हींत नंतर दहाएक सेकंद श्वास रोखायचा. अनेक जण एकाची रीत दुसऱ्याला लावतात. काही तर रोटाकॅप, म्हणजे रोटाहेलरमध्ये घालायची पुडीची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळून टाकतात, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. कॅप्सूल गिळायचीच असते, हे आपणच त्यांना आयुष्यभर शिकवलं.

अशा पंपांतून नेहमी दिलं जाणारं सालब्युटामॉल हे औषध १९६९ साली बाजारात आलं. आधीच्या आयसोप्रेनालिनने श्वासनलिका मोकळी व्हायची, पण हृदयही धडधडायचं. सालब्युटामॉलने हृदयाला बरंचसं सोडून नेमकी श्वासनलिका गाठली. ते शोधणाऱ्या चमूचा प्रमुख डेव्हिड जॅक हा स्कॉटलंडमधल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा, आणि शिकलेला होता फार्मसी! दम्याची निम्मी औषधपेटी या माणसाच्या प्रयोगशाळेची देणगी. नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही.

त्याच्या व्यवसायबंधूंचंही तसंच. बेल्जियममध्ये २०१०-११ च्या सुमारास १७० औषध दुकानांत ७३४ सीओपीडी रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला फार्मासिस्टने दोनदा समोर बसवून पंप ओढायला शिकवलं, औषध का चुकवायचं नाही ते सांगितलं. तीन महिन्यांत त्यांची पद्धत सुधारली, नियमितपणा वाढला, इस्पितळात भरती होणंही कमी झालं. औषध तेच जुनं. ब्लूटूथवाल्या ‘स्मार्ट’ इनहेलरचं कौतुक वाचलं की मला हे आठवतं.

आपल्याकडेही २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे. प्रत्यक्षात मेडिकलमध्ये चिठ्ठी पुढे सरकते आणि पिशवी हातात येते. तेव्हा पुढच्या वेळी रुग्णालाच घेऊन जा, फार्मासिस्ट कोण ते विचारा, त्याच्यासमोर पंप ओढून दाखवा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायला तो सांगतो का, तेही बघा. चूळ राहिली तर तोंडात बुरशी धरू शकते.