अश्रू आणि रसविघ्न

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या बंगाली चित्रपटात परगावाहून परतलेला हरिहर दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो. मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक नाही. सर्वजया कोसळते; पण तिच्या आक्रोशाच्या जागी ऐकू येते ती रविशंकर यांच्या संगीतातील तारशहनाई. अपत्यवियोग सोसलेल्या प्रेक्षकाचे येथील अश्रू करुणरसाचे, की त्याच्या स्वतःच्या दुःखाचे? अभिनवगुप्ताने रसविघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षकाचे आपल्याच सुखदुःखात गुंतून पडणे, गणले आहे. आणि त्याच्या निवारणार्थ सांगितलेल्या उपायांत वाद्य व गान येतात. रायांनी ‘अभिनवभारती’ पुढ्यात ठेवून हा प्रसंग योजला, असे अर्थातच सुचवावयाचे नाही. परंतु आईचा हंबरडा प्रत्यक्ष कानी पडता, तर ज्याच्या घरी तो एकदा उठला आहे त्याला तो आपल्याच घरातला वाटला असता. वाद्याच्या स्वराला असा धनी नसतो. अभिनवगुप्त ज्याला साधारण्य म्हणतो, ते येथे त्यामुळे साधते. प्रस्तुत लेखकालाही या प्रसंगी अश्रू आवरत नाहीत. मात्र तेव्हा डोळ्यांपुढे दुर्गेची साडीच असते. स्वतःच्या मुलांची आठवण होते ती चित्रपटगृहाबाहेर आल्यावर.